अवसेच्या तरीवरचा उतारू

१

मेलेल्या माणसाचा निरोप आला तेव्हा मी तिथेच होते.

नारळी पौर्णिमेचा दिवस. मिरवणुकीला उशीर झाला होता आणि पुनवेच्या सांजेला पाणी लांब गेलेलं असतं, त्यामुळे नारळ सोडायला आम्हा बायकांना बरंच चिखलातून चालावं लागलं. वाटेत होड्या एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. नारळ सोडून वर वाळूत आलो आणि किशोरीच्या हातातला फोन वाजला. फोन तिच्या नवऱ्याचा, दत्तप्रसादचा. दर्यात जाताना तो फोन घरीच ठेवून जायचा. मे महिन्यातल्या अवसेला तो असाच गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची होडी कुणकेश्वरच्या खडकांपाशी रिकामी हेलकावताना सापडली. माणूस सापडला नाही.

किशोरीने फोन माझ्यासमोर धरला.

"काशीआत्ये, ह्या वाचा. माका चुकीचा दिसता काय?"

मी चष्मा लावला. ‘आपल्या सागर कार्डावरून १० रु. खर्च. ठिकाण : खाडी तर. कार्डातील शिल्लक ११० रु.’

बाजूच्या बायका गोळा झाल्या. शेजारच्या शेवंतीने वाचलं आणि ती दोन पावलं मागे सरली. "अगो बाय माझे! दत्त्या तरीर बसलो?"

आमची वाडी खाडीच्या तोंडाशी आहे. पलीकडच्या काठावर आंब्याच्या बागा, अलीकडे आम्ही आणि मधे माणसं पार नेणारी हरिश्चंद्राची होडी, म्हणजे तर. पूल झाला तो पार वर, म्हणून बागेत जाणारे अजून तरीनेच जातात. मी लहान होते तेव्हा मुंबईची आगबोट देवगडला लागायची आणि वडिलांची मनीऑर्डर घेऊन पोस्टमन याच तरीने यायचा. पैसे आले म्हणजे माणूस जिवंत आहे, एवढं माझ्या आईला पुरे असायचं. आता पैशाचा निरोप आला होता आणि त्याचा अर्थ काय, हे वाडीत कोणालाच सांगता येत नव्हतं.

माझ्याही पिशवीत तेवढ्यात फोन गुरगुरला होता. पण कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून माझ्या फोनवर दिवसभर कोणी ना कोणी गळ घालत असतं. मी तो काढलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी किशोरी माझ्या पडवीत येऊन बसली. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि डोळ्यांत झोप नव्हती.

"भाओजी म्हणतत, सर्वपित्रीच्या आदी पानांचो पुतळो करान विधी उरकूया," ती म्हणाली. भाओजी म्हणजे दत्तप्रसादचा धाकटा भाऊ गुरुप्रसाद. दर्यात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही, तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. "पण आत्ये, तो जिवंत आसलो तर? जित्या माणसाक मी आग लावतलंय? आणि मेलो आसात आणि मी विधी करूक नाय, तर तो असोच तरीर फिरत रवतलो. तुमी बँकेत होतास. माका एकच सांगा, तो आसा की नाय?"

मी मुंबईला रिझर्व्ह बँकेत नोकरी केली. शेवटची सगळी वर्षं कार्डांच्या तक्रारींच्या खात्यात गेली. लोकांची पत्रं यायची : पैसे कापले, कार्ड हरवलं, मशीन खोटं बोललं. मशीन सहसा खोटं बोलत नाही. त्याला विचारायचं काय, तेच माणसांना कळत नाही.

"त्या दिवशीचं सगळं सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? पतपेढीतून बर्फ घेतल्यान. तेचो मेसेज इलेलो. तिसऱ्यांचा सुका केलेलंय, माझ्या म्हायेरच्या डब्यात घालून दिलंय. पायरेर तंबाखू मळीत बसलो, बार भरलो, डबो पिशयेत घातलो आणि गेलो. होडी गावली तेवां ना डबो, ना नांगर."

"नांगर नव्हता?"

"खडकात अडाकलो आसतलो, म्हणतत. दोरी तोडल्यान आसतली."

"दोरी तुटली होती की सोडलेली?"

किशोरी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "ता कोणी बघूक नाय, आत्ये. दोरी होडयेतच आसा. होडी आमच्या खळ्यात वडून ठेवलीसा."

आम्ही तिच्या अंगणात जाऊन बघितली. दोरीचं टोक झिजलेलं नव्हतं, कापलेलं नव्हतं. कोणीतरी गाठ निगुतीने सोडली होती.

२

सागर कार्ड आमच्या मच्छीमार पतपेढीने एका बँकेला हाताशी धरून काढलं आहे. वाडीत फोन लागतो, पण खाडीत रेंज नाही, म्हणून हे कार्ड रेंजशिवाय चालतं. पतपेढीचा कारभार पाहतो तो ओमकार. पोरगा हुशार, पण प्रश्न विचारला की आधी घाम पुसतो.

"आत्या, सिस्टीमचा एरर असेल," तो ऑफिसात बोलतात तसल्या मराठीत म्हणाला.

"एरर असता तर रक्कम चुकली असती. बर्फाच्या मेसेजमध्ये शिल्लक किती होती?"

त्याने संगणकात बघितलं. "एकशे वीस."

"आता एकशे दहा. हिशेब बरोबर आहे. मग एरर कसला?"

बाहेर वाडीत कुजबुज वेगळीच चालली होती. ओमकारच्या खणात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असतो. त्यानेच दत्तप्रसादच्या नावाचं दुसरं कार्ड काढलं आणि तेच तो वापरतो. शेवंतीने तर मला दारातच अडवून सांगितलं होतं, "तेच्या नव्या गाडयेक पैसे खंयसून इले, ता इचारा तेका."

मी त्याला तेच विचारलं. त्याचे कान लाल झाले.

"गाडी बायकोच्या बापाने दिली. आणि हे कार्ड मला काढता येणारच नाही, तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं. असल्या कार्डात पैसे बँकेच्या खात्यात नसतात, कार्डातल्या चिपमध्येच असतात. खिशातल्या पाकिटासारखं. नियमच तसा आहे : रेंज नसताना छोट्या रकमा पिनशिवाय टेकवून देता येतात, पण कार्डात नवे पैसे भरायचे तर रेंजही लागते आणि पिनही. कार्ड हरवलं तर त्यातले पैसे हरवले. दुसरं कार्ड काढलं तर त्यात शून्य रुपये. एकशे विसातून दहा वजा होऊन एकशे दहा उरले, याचा अर्थ दत्तप्रसादचं मूळ कार्डच तरीवरच्या मशीनला टेकवलं गेलं होतं. आणि तेही बर्फ घेतल्यानंतर.

"मग घाम कशाला पुसतोस?"

"माणूस बेपत्ता झाल्यावर कार्ड बंद करायला हवं होतं. मी विसरलो. वरून विचारणा झाली तर..."

"ते तुझं तू बघ. मेसेजमध्ये तारीख कालची कशी?"

"मेसेज बँकेकडून जातो. बँकेला कळलं की लगेच ग्राहकाला कळवायचं, असा नियम आहे ना." तो मान खाली घालून म्हणाला, "आत्या, खरं सांगू? कालपासून मी संध्याकाळी धक्क्यावर जात नाही. कार्ड त्याच्या खिशात होतं. आणि तो... तो तर दर्याच्या तळाला आहे."

३

हरिश्चंद्र अंथरुणात होता. पावसाळाभर तो तापाने फणफणत होता, असं त्याची मुलगी प्राजक्ता म्हणाली. औषधाने ताप उतरे आणि अवस आली की परत चढे. मी त्याला ओळखते तो त्याच्या बापाच्या मांडीवर सुकाणू धरायचा तेव्हापासून. एवढा दांडगा माणूस, आणि आता उशीखाली कोयती ठेवून निजत होता.

"पौर्णिमेला तर कोणी चालवली?" मी विचारलं.

"कोणी नाय. तर अजून सोडूकच नाय," प्राजक्ता म्हणाली. "मी फकस्त मशीन भायर काढलंय. बाबांनी पेटयेत घालून वर देवाचा लाल फडका बांधलेला. चार्ज केलंय आणि बघूक म्हणान सड्यार घेवन गेलंय."

"कित्याक गेलंस गो?" आतून हरिश्चंद्र ओरडला. "तुका सांगलेलंय, त्या पेटयेक हात लावू नको! आता तो भायर इलो!"

मी त्याच्या उशाशी बसले. "कोण रे बाहेर आला, हरी?"

त्याने आधी दाराकडे बघितलं, मग भिंतीकडे. नंतर माझा हात धरला.

"आत्ये, त्या अवसेक दिवेलागण झाली. मी तर बांधतच होतंय. इतक्यात चिखलातसून कोणतरी येताना दिसलो. दत्त्या. काय बोलाक नाय. तोंड घट्ट मिटलेला. कार्ड टेकवल्यान, मशीन टीं करून वाजला. फळयेर बसलो. मी इचारलंय, खंय चललंस रे ह्या टायमाक? नुसती मान हलयल्यान. पलीकडे उतारलो आणि माडांत गेलो."

"मग?"

"मगे काय! दुसऱ्या दिवशी कळला, तो दिवस बुडूच्या आदीच दर्यात गेललो. गुरुप्रसादान बघलेल्यान, होडी तोंडातसून भायर जाताना. मगे माझ्या तरीर बसलो तो कोण? आणि आत्ये, तो उतारल्यार मी कंदील धरान बघलंय. तो बसललो ती फळी ओली होती. दर्याच्या पाण्यान ओलीचिप्प."

प्राजक्ता दाराची चौकट धरून उभी होती.

"बाबानू, ह्या तुमी कोणाक सांगूक नाय?"

"सांगान? जेच्या नावान हाक मारशीत, तो दारात येता."

मला हसू आलं नाही. बाहेर भर दुपार होती, तरी त्या खोलीत काहीतरी गार सरकत गेल्यासारखं वाटलं. मी लहान असताना आजीने सांगितलेल्या दर्यावरच्या माणसांच्या गोष्टी एकेक करून त्या कोपऱ्यात येऊन बसल्या. मी उठले.

"हरी, एक सांग. भुताला तुझे दहा रुपये द्यायची काय पडली होती?"

"ता माझ्याय मनात इलेला," तो पुटपुटला. "पण दत्त्या जितो आसतानाय फुकट कधी बसूक नाय."

४

पलीकडच्या बागेत मी पुलावरून रिक्षाने गेले. दत्तप्रसाद आणि गुरुप्रसाद वेगळे झाल्यावर मासेमारीची होडी थोरल्याकडे राहिली आणि बाग धाकट्याकडे आली. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या खळ्यात थांबणार, यावरून दोघांचं बिनसलं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. वाडीत म्हणत, होडीवर डोळा आहे म्हणून गुरुप्रसादला विधीची घाई.

बागेत शिरतानाच एक विचित्र गोष्ट दिसली. कडेच्या बांबूच्या खुंट्यांवर फुटक्या बाटल्यांच्या माना उलट्या अडकवल्या होत्या, साऱ्या दगडी गडग्याच्या कडेने. वाऱ्यात त्यांच्यातून बारीक शीळ निघत होती, जणू कोणी दातांतून श्वास घेतंय. माकडांना बुजवायला असेल, असं मनाशी म्हणून मी पुढे गेले.

गुरुप्रसाद मांगराच्या, म्हणजे बागेतल्या राखणीच्या घराच्या, पायरीवर बसला होता. पूर्वी याच मांगरात आम्ही मुलं आंब्यांच्या अढीवर लोळायचो. आता गवत वाढलं होतं आणि तो स्वतःही किती वाळला होता.

"येवा आत्ये. पाणी घेतास?" त्याने आतून पाणी आणलं आणि भाजलेले काजूगर एका स्टीलच्या डब्याच्या झाकणात घालून पुढे ठेवले. मी काजूगर उचलले तशी झाकणाच्या तळावर टोच्याने कोरलेली अक्षरं दिसली. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी. चष्मा रिक्षातल्या पिशवीत राहिला होता. शेवटचं ‘...कडून’ तेवढं कळलं.

"किशोरी फार घाबरलीय," मी म्हटलं.

"म्हणानच सांगतंय, विधी करा. होडी माका नको. लिवन देतंय व्हया तर." तो जमिनीकडे बघत होता. "लोक काय व्हया ता बोलांदेत. तेका अग्नी गावलो की झाला."

"तू त्याला जाताना बघितलंस ना?"

"व्हय. हय बसान. दिवस बुडी होतो. होडी तोंडातसून भायर गेली. पोलिसांकय तसाच सांगलंय."

"हात केलास?"

त्याच्या ओठांचा कोपरा उडाला. "आमी बोलत नाय होतो, आत्ये."

"बाटल्या माकडांसाठी?"

"डुकरांसाठी," तो पटकन म्हणाला, आणि उठून पाण्याचं भांडं आत घेऊन गेला.

मी निघाले. मागून त्याने हाक मारली. "आत्ये, तो खराच तरीर दिसता काय?"

मी वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण हरिश्चंद्राच्या भीतीसारखी नव्हती. हरिश्चंद्राला वाटत होतं, दत्तप्रसाद येईल. गुरुप्रसाद त्याची वाट बघत होता.

५

घरी येऊन मी पडवीत बसले आणि फोनमधला नको तो कचरा पुसायला घेतला. एकेक मेसेज काढून टाकताना बोट एका ठिकाणी थांबलं.

‘आपल्या सागर कार्डावरून १० रु. खर्च. ठिकाण : खाडी तर.’ तारीख नारळी पौर्णिमेची.

मी तरीत बसले नव्हते. पावसाळाभर बसले नव्हते. शेवटची गेले ती मे महिन्यात, आंब्याची साठं वाळवायला बागेतून रायवळ आंबे आणायला; येताना ओझ्यामुळे पुलावरून रिक्षा केली होती. अवस होती. चांगलं आठवतं, कारण अवसेला साठं घालू नका म्हणून तरीत बरोबर बसलेल्या शेवंतीने माझं डोकं खाल्लं होतं.

मी शेवंतीला हाक मारली. तिचाही फोन बघितला. तिलाही तसाच मेसेज आलेला, त्याच दिवशीचा, त्याच तरीचा.

"शेवंती, तू पौर्णिमेला तरीत बसलीस?"

"मी? मी तुमच्यावांगडा नारळ सोडूक नाय होतंय? दहा रुपयासाठी कोण बघता!" आणि मग तिच्या लक्षात आलं. "आत्ये, म्हणजे आमीय मेलो काय?"

त्या दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

तरीवरचं मशीन खाडीत रेंज नसताना प्रत्येक टेकवणं पोटात साठवून ठेवतं. रोज सकाळी प्राजक्ता ते वर सड्यावर, कातळाच्या माळावर नेई. मशीनच्या सिमला तिथेच रेंज मिळे; ती मिळाली की आदल्या दिवसाचे सगळे पैसे बँकेला कळत आणि बँक मेसेज धाडी. पण अवसेनंतरच्या सकाळी दत्तप्रसादची बातमी आली, हरिश्चंद्राने भिऊन मशीन पेटीत कोंडलं आणि त्यावर लाल फडका बांधला. त्या दिवसाचे उतारू त्याच्या पोटातच राहिले. मी, शेवंती, दत्तप्रसाद. पौर्णिमेला प्राजक्ताने पेटी उघडली आणि आम्ही तिघे एकदम बाहेर आलो.

म्हणजे दत्तप्रसाद तरीत बसला तो अवसेच्याच संध्याकाळी. बर्फ घेतल्यानंतर, मशीन कोंडण्याआधी. हरिश्चंद्राने पाहिला तो जिवंत माणूस होता. अवसेच्या आणि पुनवेच्या सांजेला सुकती, म्हणजे ओहोटी असते. आम्ही नारळ घेऊन चिखलातून चाललो तसाच तोही गुडघाभर पाण्यातून तरीपर्यंत आला होता. मग फळी ओली होणार नाही तर काय! आणि तोंड मिटलेलं का? किशोरीने सांगितलंच होतं, पायरीवर त्याने तंबाखूचा बार भरला होता. तो थुंकल्याशिवाय कोण बोलतो?

सुकतीला त्याची होडी चिखलात कलंडलेली असणार. ती दिवस बुडताना खाडीच्या तोंडातून बाहेर जाणं शक्यच नव्हतं. गुरुप्रसादने ती पाहिली नव्हती.

भूत दर्यातून आलंच नव्हतं. ते त्याच्या त्या एका वाक्यातून उठलं होतं.

मी किशोरीकडे गेले. "तुझ्या माहेरच्या डब्यावर नाव काय आहे गो?"

"चि. किशोरीस अनुजामावशीकडून. कित्याक?"

"‘...कडून’ असं कोरलेलं झाकण मी गुरूच्या मांगरात बघितलंय," मी म्हटलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पायांत चपला सरकवल्या. रिक्षाने आम्ही बागेत पोचलो. ती थेट मांगरात शिरली, कोनाड्यातला डबा उचलला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तो छातीशी धरून गुरुप्रसादसमोर उभी राहिली.

"भाओजी, ह्यो डबो चलत इलो काय?"

गुरुप्रसाद पायरीवरून उठला नाही.

"गुरू," मी म्हटलं, "वीज खुंटीत उतरू नये म्हणून बाटल्यांच्या मानांतून तार नेलेली ना? पंपाची वीज सोडलेली?"

त्याने मान हलवली. मग बोलायला लागला तो थांबेना.

"डुकरां येयत. सगळेच सोडतत तार. मी दिवेलागणीक सोडलंय आणि देवळात भजनाक गेलंय. परत इलंय तर बांधार... माका वाटला डुकर पडलो. वयनी, तेना डबो खाली ठेवलेलो. तार वलांडूक, म्हणान आदी डबो खाली ठेवलेलो. सांडूक नाय होतो. माका तिसरे आवडतत, म्हणान घेवन इललो. पावसाच्या आदीची शेवटची मासळी दोघांनी मिळान खावची, आमचो बापूस असताना खायत होतो तशी. बोलूक इललो माझ्याशी. आणि मी..."

किशोरीने डब्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावलं.

"मी भियालंय. तार म्हणजे तुरुंग. घरात माझी दोन बारकी चेडवां. राती भरती झाली तशी बागेतल्या बारक्या होडयेतसून तेका नेलंय, तेची होडी मागे बांधान तोंडाभायर... नांगराची गाठ सोडलंय. तेच्या पायाक..." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "होडी सोडून दिलंय. दुसऱ्या दिवशी सगळे इचारूक लागले, तेवां तोंडात इला ता बोललंय."

"विधीची घाई म्हणून केलीस?" मी विचारलं.

"तेका अग्नी नाय गावलो, आत्ये. माझ्या भावाक मी खंय टाकलंय, ता माकाच म्हायत होता."

तो आत गेला आणि एक कापडी पिशवी घेऊन आला. तिच्या आतल्या खिशातून त्याने कार्ड काढलं. "ह्याय टाकूक हात होईना."

किशोरीने कार्ड घेतलं. तिने त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "तार काडलास?"

"त्याच राती."

"मगे चला. पोलिसांकडे तुमी स्वतः जावा. मी वडूक येवची नाय."

तो गेला. स्वतःच्या पायांनी गेला. त्याने खाडीच्या तोंडाबाहेरचा खडक दाखवला, पाणबुडे उतरले, पण पावसाळ्यातल्या दर्याने काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं.

६

पानांचा विधी सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी ठरला. त्याच्या आदल्या सकाळी किशोरी माझ्याकडे आली.

"आत्ये, वांगडा येतास? तेका घराक हाडूक जावया."

हरिश्चंद्र उठून बसला होता. त्या दिवशी त्याने पावसाळ्यानंतर पहिल्यांदा तर सोडली. आम्ही पलीकडे गेलो. जिथे बांधावर तो पडला होता, तिथली मूठभर माती किशोरीने पदरात घेतली. बाटल्या कोणी काढल्या नव्हत्या, पण त्यांतली तार गेली होती, आणि वाराही नव्हता. शीळ ऐकू आली नाही.

परत तरीपाशी आलो. प्राजक्ताने मशीन पुढे केलं. माझे दहा रुपये मी टेकवले. किशोरीने स्वतःचं कार्ड टेकवलं. मग कमरेच्या पिशवीतून दुसरं कार्ड काढलं.

"ह्या तेचा," ती म्हणाली. "जावचे दिल्यान. येवचे रवलेत."

मेलेल्या माणसाच्या कार्डावर व्यवहार चालत नाही. शिल्लक रक्कम वारसाला द्यायची आणि कार्ड बंद करायचं, हे मी आयुष्यभर लोकांना पत्रांतून कळवत आले. ओमकारलाही मी आदल्याच दिवशी कार्ड बंद करायला बजावलं होतं. पण रेंज नसलेल्या खाडीत कार्ड बंद झाल्याचं मशीनला तरी कुठून कळणार! मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिले. मागे मशीन टीं करून वाजलं.

हरिश्चंद्राने फळीवरचं फडकं बाजूला सारलं. त्या फळीवर कोणी बसलं नाही. भरतीचं पाणी शांत होतं. मधोमध आल्यावर माझ्या मानेवर गार काहीतरी टेकल्यासारखं झालं आणि किशोरीने पदराची मूठ जरा घट्ट केली. अलीकडे लागल्यावर आम्ही दोघी उतरलो. हरिश्चंद्राने तरीचा दोर लगेच बांधला नाही. एक माणूस उतरायचा राहिलाय अशा बेताने तो थोडा वेळ तर काठाला धरून उभा राहिला. मग त्याने गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राजक्ता मशीन घेऊन सड्यावर गेली. आम्ही खळ्यात विधीची तयारी करत होतो. पळसाची पानं मांडून झाली होती, माती मधोमध ठेवली होती. आत ओट्यावर ठेवलेला दत्तप्रसादचा फोन वाजला.

किशोरी आत गेली. तिने मेसेज वाचला, ‘१० रु. खर्च. ठिकाण : खाडी तर’, आणि उंबऱ्यापाशी येऊन, मंगळसूत्राला हात लावून, भटजींना म्हणाली,

"सुरू करा. तो घराक पोचलो."